हौशी म्हशीच्या अंगावरचं नाव

दिवाळीच्या तोंडावर आमच्या छपाई मास्तरनं माझी तीन डिझाइनं एकदम परत केली. तिरुपूरला टी-शर्ट छापायच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर बसतो. शाळा आठवीत सुटली, मूळ गाव परभणीकडचं, नाशिक-वापी करत करत इथवर आलो. कुठंच फार टिकत नाही. मास्तर म्हणाला, "सगळं फोनमधलंच दिसतंय. तुझं काय आहे यात?"

खोलीत माझ्यासोबत रणजित राहतो, कोल्हापूरचा, गवळ्याचा पोरगा. तो म्हणाला, "डिझाइन बघायचंय न्हवं? मग पाडव्याला आमच्या गल्लीत जा. म्हशी भादरत्यात, अंगावर नक्षी काढत्यात. आमच्या हौशीला भादरायला औंदा कोण न्हाय."

"तू चल की."

"मला सुट्टी न्हाय."

सुट्टी होती. आम्हा दोघांना एकाच कागदावर मिळाली होती. पण तीन वर्षांपूर्वी म्हशी ठेवायच्या की विकायच्या यावरून बापाशी वाजलं, तेव्हापासून हा घरी गेलेला नाही. आईबापासाठी टी-शर्टांची पिशवी तेवढी माझ्या हातात दिली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगतो: तिरुपूरहून बंगळूरपर्यंत रेल्वे, तिथून कोल्हापूरवरून पुण्याकडं जाणारी बस. दिवाळीत भाडं दुप्पट होतं, महिनाभर आधी बघा. हुबळी, बेळगाव, निपाणी असा सरळ रस्ता. आणि पहाटे कागल गेलं की झोपू नका. मी झोपलो. जाग आली तेव्हा पंचगंगेचा पूल मागं पडला होता आणि बाहेर शिरोली एमआयडीसीच्या भट्ट्यांचा वास येत होता. रिक्षावाला म्हणाला, "लई पुढं आलायसा पावणं. बसा, सोडतो की." आणि सगळ्या वाटेत मला झोपेवर भाषण दिलं.

पहिला दिवस मी फिरण्यात घालवला. सकाळी मिसळ, कट लागेल तेवढा परत वाढतात, पाव मोजून मागा. मग देवळाच्या भिंतीवरची कोरीव कामं, महाद्वार रोडच्या जुन्या पाट्या, चपलांच्या वेण्या, साजाचे मणी. दिसेल त्याचा फोटो काढला. संध्याकाळी कट्ट्यावर समोर धार काढून दिलेलं फेसाळ दूध प्यायलो. ते मात्र चुकवू नका, ग्लास गरम लागतो हाताला. दूध पिता पिता फोटो चाळले. सगळे चांगले होते. माझं त्यात काहीच नव्हतं.

रणजितच्या घरी गेलो तेव्हा मावशी, म्हणजे त्याची आई, दारातच उभी होती. तिनं आधी माझ्या मागं बघितलं, रिक्षातून आणखी कोण उतरतंय का. मग माझ्याकडं बघून हसली.

"ये बाळा. जेवलास का?"

अण्णा, त्याचे वडील, गोठ्यात होते. रुंद माणूस, आवाज त्याहून रुंद. "पोरगं न्हाय आलं, पावणं आलं," एवढंच म्हणाले. टी-शर्ट उलगडून न बघता खुंटीला अडकवला.

दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी, हौशीला नदीवर धुऊन आणली. मोठी म्हैस, मागं वळलेली शिंगं, डोळे शांत. गल्लीत सगळीकडं हेच चाललेलं. कुणी शिंगं रंगवतंय, कुणी कवड्यांच्या माळा बांधतंय. सणासाठी म्हशीचे केस वाढू देतात. मग वस्तऱ्यानं किंवा मशीननं त्यात नक्षी भादरायची आणि तेल लावायचं. भादरलेला भाग काळाभोर चमकतो, बाकीचा तपकिरी दिसतो. दोनच रंग. आमच्या छपाईत याला स्वस्तातलं काम म्हणतात.

मी खडू घेऊन पोटावर मोर काढला. मोराभोवती वेल, वेलीला पानं, पानांना शिरा. तासभर लागला. अण्णांनी लांबून बघितलं.

"पावणं, ही म्हैस हाय का पैठणी?"

शेजारच्या वहिनी पोट धरून हसल्या. अण्णा म्हणाले, "दुपारी ही पळणार हाय. पळत्या म्हशीवरची पानं कोण मोजणार?" तेवढ्यात हौशीनं माशी हाकलायला कातडं थरथरवलं, शेपूट फिरवलं आणि निम्मा मोर पुसला. मला हसावं का रडावं कळेना. तीन डिझाइनं मास्तरनं नाकारली, चौथं म्हशीनं.

मावशी चहा घेऊन आली. पुसलेल्या मोराकडं बघत हळूच म्हणाली, "बाळा, त्याचं नाव काढशील?"

"जो येत न्हाय त्याचं नाव कशाला?" अण्णा तिकडून गरजले.

"म्हशीला म्हाईत हाय ती कुणाची हाय ते. तुम्ही गप बसा."

अण्णांनी आमच्याकडं पाठ केली. मोरपिसं बांधत राहिले.

नाव काढणं मला कमीपणाचं वाटायचं, खरं सांगतो. आमच्याकडं नावाचे टी-शर्ट नवीन पोरं करतात. पण खडू लावला आणि कळलं की ही जागा सपाट नाही. शिरोरेघ पाठीच्या कण्याखालून नेली तर कण्यासारखीच थोडी खचली. 'ण' बरगड्यांवर आला. 'जि'ची वेलांटी कमरेच्या हाडावरून वळली, मी नुसता हात मागं नेला. अक्षरं एवढी मोठी घेतली की गल्लीच्या टोकावरून वाचता यावीत. मग मशीन चालवलं. आणि हौशी श्वास घेत होती ना, तर प्रत्येक श्वासाला नाव थोडं फुगायचं, थोडं बसायचं. फोनमध्ये असलं मी कधी बघितलं नव्हतं.

शेवटी 'त' काढताना ती पुन्हा शहारली. मशीन घसरलं आणि 'त'चं शेपूट मांडीपर्यंत गेलं. माझ्या डाव्या हाताचं बोट हवेतच कॉम्प्युटरचं मागं जायचं बटण शोधायला लागलं.

"आता केस चिकटवा पावणं," वहिनी म्हणाल्या.

मावशीनं तेलाचा हात त्या वाकड्या रेघेवरनं फिरवला. "असू दे. त्यो बी असाच वाकडा हाय."

तेल लावून झालं तरी तिनं हात काढला नाही. नावावर हात ठेवून उभी राहिली, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

दुपारी सगर, म्हणजे सजवलेल्या म्हशी पळवायचा खेळ. मोटारसायकलच्या सायलेन्सरची पुंगळी काढतात, फाडफाड आवाज करत मालक पुढं आणि त्याच्या हाकेवर म्हैस मागं. कानात कापूस घाला आणि रस्त्याच्या मधे अजिबात उभे राहू नका, म्हैस तुमच्यासाठी थांबत नाही. अण्णा पुतण्याच्या गाडीवर मागं तोंड करून बसले आणि ओरडले, "हौशेऽऽ!" ती एवढी मोठी म्हैस निघाली की! मोरपिसं उडतायत, कवड्या वाजतायत आणि तिच्या अंगावर रणजित पळतोय. ते लांबलेलं 'त'चं शेपूट तर वेगानंच ओढल्यासारखं दिसत होतं. गर्दीतनं कुणी ओरडलं, "रणजित आला रं!" मग चार जण ओरडले.

परत येताना एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय अण्णा, पोरगं आलंय व्हय?"

अण्णांनी कपाळावरचा गुलाल पुसला. "नाव आलंय," म्हणाले. पण संध्याकाळी खुंटीवरचा तो टी-शर्ट त्यांच्या अंगात होता.

निघताना मावशीनं चकलीचा डबा दिला आणि सांगितलं, "त्याला म्हणावं, केस भरायच्या आत ये. नाव मिटायच्या आत."

तिरुपूरला आल्यावर मी रणजितला व्हिडिओ दाखवला आणि निरोप सांगितला. "बघू," म्हणाला. पण व्हिडिओ स्वतःच्या फोनवर घेतला. मग दर फोनला मावशी बातमी द्यायची: 'र' पुसट झाला, वेलांटी दिसंना, आता शेपूटच तेवढं राहिलंय बाबा. तो ऐकायचा आणि मशीनवर जायचा. एक दिवस त्यानं मास्तरकडं सुट्टी मागितली आणि मला न सांगता बॅग भरली.

त्याच आठवड्यात मी नवं डिझाइन दिलं. काळा टी-शर्ट, एकच नाव, छातीवरून सुरू होऊन बरगडीवरून पाठीकडं गेलेलं. मास्तरनं ते स्क्रीनवर मोठं करून बघितलं. "हे कुठनं उचललंस?"

"म्हशीवरनं," म्हटलं. त्याला गंमत वाटली. डिझाइन ठेवून घेतलं.

रणजितचा फोन तो घरी पोचला त्याच्या दुसऱ्या सकाळी आला. गोठ्यातनंच करत होता, मागं बादलीचा आवाज.

"लेका, नाव हाय तसंच हाय की! कालच भादरल्यागत. मी आईला म्हटलं, खोटं बोललीस व्हय? तर म्हणती, मी बोलले, पण वस्तरा तुझा बा चालवतोय. दर ऐतवारी बसतोय."

त्यानं फोटो पाठवला. अक्षरं माझीच, पण रेघा जाड झालेल्या, जागोजागी हात हललेला. 'त'चं वाकडं शेपूट अण्णांनी सरळ केलं नव्हतं. तेही दर रविवारी, होतं तसंच, मांडीपर्यंत नेलं होतं.