कॅप्टनच्या कोटाची माया

बटण आणि काज यांच्यामध्ये चार बोटं अंतर होतं. डॉक्टरांनी पोट आत ओढलं, श्वास धरला. अंतर तीन बोटांवर आलं.

"आता लाव," ते दातांतून म्हणाले.

"लावीन. पण तुम्ही श्वास सोडलात की बटण आरशावर जाऊन बसेल."

बुधवार होता. शुक्रवारी हॅलोविन, मुलं सोंगं घेऊन दारोदार कँडी मागतात तो दिवस. आणि शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवार संध्याकाळपर्यंत मी सुईला हात लावत नाही. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी यहुदी. आमचे पूर्वज शब्बाथला तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. मी कॅनडात, व्हिटबीत, अल्टरेशनचं दुकान चालवते, तेलाशी संबंध फक्त मशीनपुरता, पण शब्बाथ तोच. म्हणजे माझ्या हातात दोन दिवस होते, तेही पुरते नाहीत.

डॉक्टर म्हणजे भूल देणारे डॉक्टर. लंडनच्या हॉस्पिटलातून रिटायर झाले; लंडन म्हणजे आमचं ऑन्टॅरियोतलं. मुलगी इकडे असते म्हणून ते आणि त्यांच्या पत्नी वसुधाताई व्हिटबीला आले. दर हॅलोविनला दोघं जोडीने काहीतरी बनून दारात कँडी वाटतात. गेल्या वर्षी ते स्वतःच आजारी, हॉस्पिटलात होते. पोर्च लाइट बंद होता, आणि लाइट बंद असलेल्या घराची बेल इकडे मुलं वाजवत नाहीत. या वर्षी त्यांनी ऑगस्टमध्येच मला गाठलं. लग्नानंतर दोघांनी पहिल्यांदा पाहिलेल्या एका जुन्या पिक्चरमधला घोडदळाचा कॅप्टन त्यांना व्हायचं होतं. वसुधाताई त्याची बायको. तिचाही घोड्यावर बसायचा पोशाख, जॅकेट आणि लांबलचक स्कर्ट. दोन्ही एकाच गडद निळ्या लोकरी कापडाचे.

तो पिक्चर मी दोन आठवडे बघितला. म्हणजे बघितला कमी, थांबवला जास्त. कॅप्टन पाठमोरा झाला की पॉज, हात वर केला की पॉज. शिवण कुठून जाते ते असंच कळतं. आमचे हे, सॉलोमन, म्हणाले, "अगं, स्टोरी काय आहे?" मी म्हटलं, "पाठीला पाच तुकडे आहेत."

पहिल्या ट्रायललाच आमची कुरबुर झाली.

"हा उंचवटा कसला?" डॉक्टरांनी बरगडीजवळ बोट ठेवलं. "पिक्चरमध्ये कोट कसा स्मूथ बसतो."

"माया आहे," मी म्हटलं.

माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस अंगाने सुटला की शिवण उसवायची आणि कोट सैल करायचा. इकडच्या रेडिमेड कपड्यांत ती नावापुरती असते. मी दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच ठेवते. तशीच शिकले.

"काढून टाक. रिटायर झाल्यापासून माझं वजन एक पाउंडही हललेलं नाही."

"तब्येत ठीक ना आता?" असं विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. गिऱ्हाईक स्वतः डॉक्टर, त्याच्या अंगाबद्दल त्याला काय शिकवायचं? मी माया कापली. कापलेल्या पट्ट्या कचऱ्यात गेल्या. नंतर दोनदा ट्रायलला बोलावलं, दोन्ही वेळा फोनवर एकच उत्तर, "तू फिनिश कर, माप तेच आहे." मी फिनिश केलं. अस्तर लावलं, पितळी बटणं लावली, बोट मोडेल इतकी कडक कॉलर बसवली.

आणि आता आरशासमोर उभे होते ते डॉक्टर ऑगस्टमधले नव्हतेच. चेहरा गोल झालेला, गाल चकाकणारे, हातपाय काटकुळे आणि पोट पुढे.

"स्टेरॉइड्स," वसुधाताई हळूच म्हणाल्या. "सप्टेंबरपासून. दुखणं पुन्हा उलटलंय. ह्यांनी मला कोणाला सांगू दिलं नाही."

डॉक्टरांनी कोट काढला, बाही नीट सरळ करून माझ्या टेबलावर ठेवला. "राहू दे, फ्लोरा. चूक माझी आहे. या वर्षीही लाइट ऑफ ठेवू."

"स्वेटर घालून उभे राहा ना," वसुधाताई म्हणाल्या.

"स्वेटर घालून मी पेशंट दिसतो. गेल्या वर्षी सगळ्या स्ट्रीटवरून गेट वेल कार्डं आली. पोरं मला बघून आवाज खाली करतात. एक संध्याकाळ मला ते नको होतं, बस."

मला माझाच राग आला. चूक त्यांची कसली? कात्री माझ्या हातात होती. कापड एका बंद पडणाऱ्या दुकानातून आणलेलं, तागा संपलेला. माझ्याकडे चिंधीसुद्धा नव्हती.

वसुधाताई त्यांचा पोशाख घालून उभ्या होत्या. त्यांनी स्कर्टचा घेर उचलून खालची दुमड बघितली.

"फ्लोरा, ह्याला माया आहे ना गं?"

"सहा इंच. घेर जड पडावा म्हणून."

"मग ती काढ आणि ह्यांना लाव."

"वसू, तुझा स्कर्ट कशाला बिघडवतेस?"

"गप्प उभे राहा. कॅप्टन आहात ना?"

मी खाली बसले आणि स्कर्टच्या दुमडीवर टाचण्यांनी खूण केली.

काम असं होतं. दोन्ही बगलांखाली शिवण उसवायची आणि मध्ये कापडाची लांब पट्टी घालायची, आपण झब्ब्याला कळी घालतो तशी. अडचण एकच. स्कर्टच्या दुमडीतून पट्टी आडव्या धाग्याची निघते आणि कोटाला उभा धागा लागतो. विणीची रेघ उलटी दिसते. पण बगलेखाली बघतंय कोण? शिवाय कळी थोडी सैलच कापली, श्वास घ्यायला सोपं. अर्ध्या बाह्या सोडवल्या, अस्तर उघडलं, कळ्या बसवल्या, सगळं परत बंद केलं. स्कर्टला आतून सुती पट्टी लावून लांबी राखली. या वेळी कळ्यांना दोन्हीकडे माया ठेवली. कोणाला विचारलं नाही.

शुक्रवारी चार वाजता डॉक्टर आले. सहा बटणं लागली. त्यांनी श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. बटणं जागेवर. बगलेखालचा उंचवटा मी त्यांना मुद्दाम दाखवला. ते म्हणाले, "असू दे." मी साडेपाचला शटर ओढलं आणि घरी जाऊन शब्बाथचा दिवा लावला. पुढचं मी बघितलेलं नाही.

रविवारी सकाळी फोन आला. डॉक्टर स्वतः होते.

"फ्लोरा, कॉलरमुळे मान वळत नव्हती. पावणेदोन तास उभा होतो."

"त्रास झाला असेल."

"झाला. काल दिवसभर झोपून होतो." मग म्हणाले, "पण एकानेही हाउ आर यू फीलिंग विचारलं नाही गं. सगळे विचारत होते, व्हेअर इज युअर हॉर्स?"

मला फार बरं वाटलं. त्यांना कोणी विचारू नये, यासाठीच सगळा खटाटोप होता. मी मात्र तेव्हापासून प्रत्येकाला विचारते, मापाची फीत गळ्यातून काढायच्या आधी. औषध काही नवीन चालू झालंय का? काही गिऱ्हाइकांना राग येतो. येऊ दे.