झोपलेल्याचे आठशे

अख्ख्या मुलुंडात आमच्या मावशीएवढी डेंजर बाई दुसरी नाही, आणि असलीच तर देवा ती मला भेटू नको देऊस, एकीच्याच आवाजाने माझ्या हातातलं लाटणं पडतं. सख्खी नाही हां, आमच्या केटरिंगच्या किचनमधली मावशी, मी पोळ्या लाटते आणि ती सगळंच करते. भाजी शिजली का ते ती चाखत नाही, टोपाजवळ कान नेऊन ऐकते, खरंच, आणि म्हणते, "अजून बोलता हा, पाच मिनटां थांब." आचारी सगळे पुरुष, मिशीवाले, पण मावशीने ऐकल्याशिवाय एकाची टोप उतरवायची हिंमत नाही. गॅस पेटला नाही तर ती गॅसला शिव्या घालते आणि तो घाबरून पेटतो, मी पाहिलंय. एकदा तर भर लग्नात नवरदेवालाच म्हणाली, "मेल्या, पोळी टाकू नको, माझ्या बायांचे हात मोडले."

आमच्याकडे पुरुषांना दिवसाचे आठशे आणि बायकांना पाचशे, असंच आहे, पहिल्यापासून. मावशीने एकदा शेठला विचारलं का म्हणून, तर शेठ म्हणाला, "मावशी, पुरुषाला घर चालवायचं असतं ना!" झालं. दुसऱ्या दिवशी मावशी आपल्या नवऱ्याला, काकांनाच घेऊन आली, धुतलेला शर्ट, केसांना तेल. काका रिटायर, घरी स्वतःचं पाणी पण घेत नाहीत. मावशी म्हणाली, "शेठ, घर चालवणारो माणूस आणलंय. घ्या." सगळ्यांसमोर शेठ काय बोलणार, घेतलं. काकांनी लसणाच्या सात पाकळ्या सोलल्या, मोजून सात, आणि बटाट्याच्या गोणीवर जे झोपले ते संध्याकाळी पगारालाच उठले. काकांना मिळाले आठशे. मावशीने चाळीस किलो कणीक मळली, तिला पाचशे. आम्ही हसून हसून वेड्या झालो यार, मावशी तेवढी हसली नाही.

सकाळी ती काकांना घरी ठेवून आली आणि सरळ शेठसमोर उभी. "झोपलेल्याक आठशे, मग जाग्या बाईक पाचशे कसे, ता माका सांगा. आठशे देतास तर थांबतंय, नायतर चललंय." शेठ म्हणाला, "बाकीच्या बायकांना चालतंय की," आणि वळला नेमका माझ्याकडे. "काय गं, तुला चालतं ना?"

माझी पोरगी आठ महिन्यांची, तिथेच स्टोअरमध्ये झोळीत झोपलेली. पोरीला घेऊन कामावर दुसरं कोण येऊ देतं हो? सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या, मी बोलले असते तर त्या पण बोलल्या असत्या, आता कळतंय. माझ्या तोंडातून निघालं, "चालतं शेठ."

मावशीने ॲप्रन सोडला, घडी घातली. मला वाटलं आता मला फाडून खाणार, मी डोळेच मिटले. तर माझ्या गालावरचं पीठ तिने पदराने पुसलं आणि हळू म्हणाली, "भिया नको गो. पोरगी उठली बघ, तिका घे आधी."

आणि गेली. शिव्या घातल्या असत्या ना, तर मला एवढं लागलं नसतं.