बेलभंडारा दोघांनी उचलला होता

मला मटण लई आवडायचं, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारी जन्माचीच सोवळी होती. माझं माहेर हदगावकडचं. आखाडात भावकीत बकरं पडायचं, वाटे व्हायचे, आणि नळी कोणी चोखायची यावरून आम्हा भावंडांत झोंबाझोंबी. लग्न होऊन औशाजवळ आले. सासूबाईंनी माझ्या हातचा रस्सा एकदा चाखला आणि जावेला म्हणाल्या, "आजपासून मटणाचं पातेलं हिच्याकडं. तू भाकरी थाप." जाऊ महिनाभर बोलली न्हाई माझ्याशी.

अशी मी. आणि तीस वर्षं झाली, एक फोड तोंडात घातली न्हाई.

मुलगा नववीत होता तेव्हा त्याला कावीळ झाली. लातूरच्या दवाखान्यात ठेवला. डोळे पिवळेजर्द, उठून बसायचं त्राण न्हाई. डॉक्टर म्हणाले, आता वाट बघायची. त्या दुपारी आमचे मालक गावाकडून आले ते देवघरातला बेल आणि भंडारा रुमालात बांधूनच. व्हरांड्यातल्या बाकड्यावर रुमाल सोडला आणि म्हणाले, "जे सगळ्यात गोड लागतं ते सोडू. मटण. दोघंबी, जन्मभर. पोरगं उठून चालू दे."

ही बोलणी त्यांची, बरं का. मी नुसती "हाव" म्हणाले. दोघांनी बेलभंडारा उचलला, कपाळाला लावला.

पोरगं उठलं. महिन्याभरात सायकलवर शाळेत जायला लागलं. मी मटणाचं पातेलं जावेला देऊन टाकलं. तिनं ते घासून चकाचक केलं आणि वर मलाच विचारलं, "आता मसाला किती घालू, सांगता का?" सांगितला. दरवर्षी सांगायचे, चुलीपाशी उभी राहून, वासावर. एकदा एका लग्नात वाढप्यानं रश्श्याचाच चमचा वरणात बुडवला, ते मला दोन घास खाल्ल्यावर कळलं. दोन दिवस उपास धरला, आणि नोकरीच्या गावी असलेल्या मुलाला फोन केला, "बरा हायेस ना रे?" तो हसला. म्हणाला, "बरा हाय आई. मला काय झालंय?"

आता आम्ही लातुरातच असतो, मुलाजवळ. तो शाळेत मास्तर. त्याची मुलगी नांदेडला कॉलेजात. ती या दिवाळीला आली आणि म्हणाली, आज्जी, मी दूध सोडलं. दही न्हाई, तूप न्हाई, मधसुद्धा न्हाई. मी धपाटे केले होते, वर दही. तिनं नुसतं धपाटं शेंगदाण्याच्या चटणीसंगं खाल्लं.

"अगं, दुधात काय मारायचं असतं?" मी विचारलं.

"पारडाचं दूध हाय ते आज्जी. त्याला बाजूला बांधून आपण काढून घेतो."

"मी जन्मभर म्हशी पिळल्या. एक सड पारडाला सोडायचीच मी."

"सगळे सोडतात का?"

सगळे कुठं सोडतात! पोरगी खरं बोलून राहिली होती. मला तिचं कौतुकच वाटलं. तिच्यापुढं ना देव ना आजार, कोणी सांगितलेलं न्हाई, नुसती माया म्हणून सोडलेलं.

पण आमचे मालक पेटले. "आमच्याकडून शिका जरा! तीस वर्षं झाली मटण सोडून. तुझ्या आज्जीनं आन मी. गाजावाजा केला का कधी? आन तू चार महिन्यांत घरादाराला शिकवायला निघालीस! उद्या म्हणशील भाजीबी खाऊ नका, तिला दुखतं."

पोरीनं ताट पुढं सरकवलं. "आबा, मला काय म्हणायचं ते म्हणा. पण खोटं कशाला बोलता? औसा रोडच्या खानावळीत तुम्ही आन पप्पा दर बुधवारी जाता. मला न्हेत होता की लहानपणी. आज्जीला सांगू नको, तिला झटका येईल, तुम्हीच म्हणायचा."

सून उठून स्वयंपाकघरात गेली. पाणी आणायला म्हणून. माठ माझ्या शेजारीच होता. तेव्हा कळलं, तिलाबी ठाऊक होतं.

मी मुलाकडं बघितलं. ज्याच्यासाठी सोडलं, तो चटणी चाळवीत बसला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आई, नोकरी लागल्यावर. आबाच म्हणाले चल म्हणून."

"आन तुम्ही कधीपासून?"

मालक म्हणाले, "जाऊ दे ना आता. म्हातारपणी काय पंचायत."

मग मुलगा माझ्याजवळ सरकला. मास्तरच तो, समजावण्यात पटाईत. "आई, मला काय झालं, सांग बरं? आबांनी खाल्लं, मी खाल्लं. हाय ना मी धडधाकट? मग तूबी ते पाळणं सोड आता. उद्या घरीच आणू. तुझ्या हातचं खाऊन किती वर्षं झाली."

किती गोड बोलला! मला त्याच्याच अंगावर ताट फेकावं वाटलं.

"तुला काही झालं न्हाई," मी म्हणाले, "ते मी पाळलं म्हणून, का पाळण्यात काही नव्हतंच म्हणून? कोण सांगणार आता? मी मोडून बघू? तू तयार हायेस, पण माझा हात जाईल का?"

नात माझा पदर धरून रडायला लागली. तिला वाटलं, घर तिनंच मोडलं. मी म्हणाले, "तू न्हाई ग बाई. तू दही सोडलंस ते सगळ्यांना सांगून सोडलंस."

पुढच्या बुधवारी मालकांनी पिशवी उचलली आणि "औशाला जाऊन येतो" म्हणाले. सवयच. मी चपला घातल्या. "मीबी येते. खानावळीत." त्यांना वाटलं, निवळली. रस्ताभर मला जवारी दाखवत होते, कशी तरारली बघ म्हणून.

खानावळ चालवणारी बाई चाळिशीची, हसरी. "या काका! आज काकूंना आणलंत? खरं सांगते काकू, मला तुमची भीतीच वाटायची."

"माझी?"

"काका सांगतात ना. तुम्हाला वाससुद्धा चालत न्हाई म्हणे. घरात अंडंबी शिजू देत न्हाईत. म्हणून बिचारे इथं येतात." आणि त्यांच्याकडं बघून, "कलेजी वेगळी काढून ठेवलीय काका."

त्यांनी चोरून खाल्लं ते मी गिळलं असतं हो. जिभेचं काय, जीभच ती. पण दवाखान्यातल्या त्या बाकड्यावर रुमाल त्यांनी सोडला होता, आणि इथं इतकी वर्षं मी घरातली जाच करणारी बाई झाले होते. या अनोळखी बाईच्या तोंडात माझी ही ओळख.

मी म्हणाले, "बाई, मला मटण ह्यांच्यापरीस जास्त आवडायचं. सोडायचं हे ठरवणारे हेच. मी नुसती पाळत बसले."

तिचा हात ताटाशीच थांबला. मालक खाली बघून मीठ सारखं करीत होते. तिनं हळूच विचारलं, "मग काकू, तुम्हाला काय वाढू?"

"मला पिठलं असलं तर दे. ह्यांचं ताट आण."

ताट आलं. तर्री, कलेजी, दोन भाकरी, कांदा. मी ते त्यांच्या पुढ्यात सरकवलं. "खा. गार होईल."

मला वाटलं होतं, आज तरी हात मागं घेतील. एवढं एकच बघायला मी तिथवर गेले होते, दुसरं काही न्हाई.

त्यांनी भाकरी मोडली, रश्श्यात कुस्करली, आणि म्हणाले, "लिंबू हाय का?"