डाव्या मनगटातली शीर

अलिबागच्या एका खाजगी दवाखान्यात रावजी कंपाउंडर होते. सुई टोचायची डॉक्टरांनी, शीर शोधायची रावजींनी. डॉक्टरांना हे मान्य होतं. स्वतःचं अक्षर ज्यांना वाचता येत नसे, त्यांना शीर कुठली दिसणार! रावजी दंडाला रबरी नळी आवळत, डोळे मिटत आणि बोटानं चाचपत. वर दिसणाऱ्या जाड शिरेवर त्यांचा भरवसा नव्हता. वल्हं मारणाऱ्यांच्या शिरा दोरखंडासारख्या, पण सुई लागली की सटकतात, असं ते सांगत. बोटाखाली दबून पुन्हा वर येते ती खरी.

१९३१ साली, नारळी पुनवेनंतर, थळच्या केसर कोळणीला डोलीतून आणलं. आठ दिवसांची बाळंतीण, हिवतापानं बेशुद्ध, अंगभर सूज. क्विनीन शिरेतूनच द्यायला हवं होतं. उजव्या हातात दोनदा शीर फुटली. डाव्या कोपराशी आणि पायांत काही लागेना. शेवटी रावजींचं बोट डाव्या मनगटाशी थांबलं. शीर तिथं होती, पण सुजेत रुतलेल्या हिरव्या बांगड्यांखाली.

कोळणींच्या उजव्या हातात बांगड्या नसतात. त्या लग्नात दर्याला दिलेल्या असतात, त्यानं नवऱ्याला राखावं म्हणून. डाव्या हातातल्या फोडतात त्या नवरा गेल्यावर. केसरचा नवरा शिवदास होडी घेऊन समुद्रात गेला होता.

"सोनाबाई, तुम्ही सांगाल तसं," रावजी तिच्या सासूला म्हणाले.

"माजा पोर दर्यात हाय," म्हातारी म्हणाली. मग तिनं खलातला बत्ता मागून घेतला आणि बांगड्या स्वतःच्या हातानं वाढवल्या. शीर पहिल्याच खेपेला लागली.

संध्याकाळी केसर शुद्धीवर आली. मोकळा हात पाहिला. तिनं कपाळाचं कुंकू पुसलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "तो हाय गो, येल," सासू शपथा घेत राहिली. शीर कुठं सापडली ते रावजींनी मनगटावर बोट ठेवून समजावलं. ऐकेल तर शपथ! दोन दिवस पेजेचा घोट घशाखाली उतरला नाही. ताप गेला होता आणि बाई मरायला निघाली होती. रावजींना स्वतःचाच राग आला.

तिसऱ्या दिवशी शिवदास होडीवरून थेट दवाखान्यात आला. तिचा हात बघून हसला.

"मी मेलू काय गो?"

केसर हसली नाही. तिनं त्याचं मनगट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं. मग सासूला म्हणाली, "आय, पेज दे."