अंबाडीचा तास

हे मी कोणाजवळच बोलली नाही. घरच्यांजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुम्हाले काहून सांगून राह्यली — ते मलेच नीट कळत नाही.

दारव्ह्याकडच्या एका खेड्यात मी शिक्षिका होती. बाकी विषय होतेच, पण माही ओळख म्हणजे मूल्यशिक्षणाचा तास. फळ्यावरचा सुविचार माह्या अक्षरात, परिपाठाची बोधकथा माह्या तोंडून. बाईच्या हाताखालून गेलेलं लेकरू वाया जात नाही, असं लोक म्हणत. आणि मी ऐकून घ्यायची. बरं वाटायचं ना!

आता खरं सांगू? तो तास होतच नव्हता. तास शुक्रवारी दुपारी, अन् गावचा बाजारही शुक्रवारीच. दुपारच्या सुट्टीत मी भाजी आणायची आणि त्या तासाले सहावीच्या पोरीयले पेपर पसरून अंबाडी निवडायले बसवायची. टाचणवहीत मात्र लिहायची — 'सत्य या मूल्याचे विवेचन केले.' त्यात काय एवढं, असं मनाले सांगायची.

मग एक दिवस तपासणीले साहेब आले. सहावीच्या वर्गात त्यायनं विचारलं, "मूल्यशिक्षणाच्या तासाले काय करता?" दुर्गा उठली. अंगानं काडी, पण आवाज खणखणीत. "आम्ही बाईची अंबाडी निवडतो, सर."

चुगली नव्हती हो ती. चेहरा कसा फुलला होता तिचा — सगळ्यात भराभर तीच निवडायची.

साहेब माह्याकडं पाहून राह्यले. अन् माह्या तोंडून निघालं, "खोटं बोलते, साहेब. सवयच आहे तिले."

सवयच आहे! हे दोन शब्द कायले जोडले मी? एवढ्याशा लेकराले? साहेब हसले, पुढच्या वर्गात गेले. तिथं सुटायले पाहिजे होतं. पण मले भेव — पोरगी उद्या पुन्हा बोलली तर? दुसऱ्या दिवशी परिपाठात तिले पुढं बोलावलं. म्हटलं, म्हण — "मी खोटं बोलली." ती म्हणे, "पण बाई, आपण निवडतो ना?" दोन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी म्हणाली. कान धरून, सगळ्या शाळेसमोर. बाकीच्या पोरी, सोबत अंबाडी निवडणाऱ्याच, खाली पाहत उभ्या. त्याही शिकल्याच की माह्याकडून काहीतरी.

मग तिचं नाव 'खोटी दुर्गा' पडलं. कोणाचा डबा हरवला — दुर्गा. खडू मोडला — दुर्गा. तिनं वर्गात हात वर करणंच सोडलं. मी रोज पाहत होती. अन् फळ्यावर सुविचार लिहीत होती.

गेल्या महिन्यात यवतमाळच्या बस स्टँडवर एका बाईनं वाकून माहे पाय धरले. दुर्गा! सोबत तिची पोरगी, दहा-अकरा वर्षांची. तिले म्हणे, "ह्या माह्या बाई. पड पाया. लहानपणी मी लय खोटं बोलायची, ह्यायनंच वळण लावलं मले."

टोमणा असता तर सोसला असता. पण तिले खरंच तसं वाटते. आपण त्या दिवशी खरं बोललो होतो, हेच तिच्याजवळ उरलं नाही. ते मी घेतलं.

सांगायचं तोंडाशी आलं होतं. आलं होतं ना! पण पोरगी पाया पडायले वाकली, अन् मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "आईसारखी खोटं नको बोलू बरं."

दोघी मायलेकी हसल्या. मीही हसली.