जवळजवळ प्रत्येक बिंदूवर

दुष्काळाच्या साली मी केडगावला सासरी अडकले होते आणि माझं पीएच.डी.चं काम पुण्यात. दिवाळीपर्यंत एक तरी प्रकरण पुरं करून दाखव, मग पुण्याचं बघू, असं सासऱ्यांनी बजावलेलं. ते शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. माझ्या पानांची सुवाच्य प्रत तेच करून देत. कळत काही नसे, पण एक स्वल्पविराम चुकू देत नसत. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

प्रमेय तसं साधं. सलग फलनाचा, म्हणजे ज्याचा आलेख कुठेच तुटत नाही अशा फलनाचा, चढ कुठेच उणा नसेल, तर ते कधी खाली येत नाही. काही फलनांना धड चढच नसतो. मग फक्त उजवीकडे बघायचं आणि अगदी जवळच्या चढांतला जास्तीत जास्त धरायचा. तो कुठेच उणा नसला तरी निष्कर्ष तोच. इथं मला हाव सुटली. 'प्रत्येक बिंदूवर' ऐवजी मी 'जवळजवळ प्रत्येक बिंदूवर' लिहिलं. ज्यांची सगळी मिळून लांबी शून्य, असे बिंदू सोडले तर काय बिघडतं?

बिघडतं. एका दुपारी तांदूळ निवडताना आठवलं, असं एक सलग फलन आहे की जवळजवळ सगळीकडे सपाट, तरी एकापासून शून्यापर्यंत उतरतं. एम.एस्सी.ला शिकले होते मी ते! तांदूळ तसेच टाकून उठले.

सासरे ओसरीवर सतरावं पान उतरवत होते. मी गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण मला राहवलं नाही.

"बाबा, चुकलंय."

"कुठं?"

"पहिल्याच ओळीत. पण आठ दिवसांत दुरुस्त होईल. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमानं मांडता येतील एवढेच बिंदू सोडायचे, मग प्रमेय खरं ठरतं."

"म्हणजे हे लिहिलंय ते चूकच ना?"

"हो, पण..."

"पोरी, पहिली पायरी चुकली की पुढचं तपासायचं नसतं. जन्मभर हेच केलं मी."

आवाजात राग नव्हता. त्यांनी पेनाला टोपण लावलं, पानं नीट जुळवून माझ्या हातात दिली आणि आत सासूबाईंना हाक मारली.

"अगं, ऐकलंस का? सुटली बिचारी त्या पुण्याच्या दगदगीतून. आता घरीच राहील."