आठशेची फिल्म आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनी

चंदीगडात आजवर जेवढ्या म्हणून संध्याकाळी झाल्या, त्या सगळ्यांवर पहिला हक्क आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा आहे, असं माझं ठाम मत आहे. सकाळी त्यांनी उदार मनाने दुधवाल्यांना आणि योगासनवाल्यांना देऊन टाकल्या होत्या, दुपारी आम्हा झोपाळू बायकांना. पण सूर्य झाडांमागे गेला, की गळ्यात मंगळसूत्र आणि त्यावर कॅमेरा अशा दोन दागिन्यांनिशी वहिनी गॅलरीत येऊन उभ्या राहत आणि मग पुढचा तासभर जे काही घडेल ते त्यांच्या मालकीचं. आता तीन वर्षं झाली, त्या पुण्याला मुलीकडे असतात. इथे माझ्या फ्रिजमध्ये त्यांची एक शेवटची फिल्म पडून होती. कारण असं, की त्यांची एक संध्याकाळ मी चाळीसेक वर्षांपूर्वी माझ्या हाताने वाया घालवली आहे, आणि ती भरून द्यायची राहिली होती.

आम्ही नाशिकचे, त्या सांगलीच्या. दोघींचे नवरे सरकारी नोकरीत, आणि एकाच क्वार्टरच्या खाली-वर आमचे संसार. मराठी बोलायला घराबाहेर दुसरं कुणी नाही, त्यामुळे मैत्री व्हायलाच हवी होती. पण पहिले तीन महिने मी त्यांच्याशी बोलतच नव्हते. झालं असं, की अपनी मंडीत, म्हणजे आठवड्याच्या भाजीबाजारात, दिवेलागणीच्या सुमारास त्या समोरून आल्या. मी नवीन जॉर्जेटची साडी नेसून मटार निवडत होते (मटार निवडायला जॉर्जेट! त्या वयात मी भांडी घासायलाही लिपस्टिक लावून बसत असे). मी छान हसले. त्या माझ्या अंगावरून, हवेतून गेल्यासारख्या निघून गेल्या. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "सांगलीची आहे ना, हळदीचा माज आहे." पुढे जिन्यात सकाळी भेटल्या तेव्हा त्या इतक्या मोकळेपणाने बोलल्या, की मला त्यांचा आणखीच राग आला. सकाळी गोड आणि संध्याकाळी परकी, अशी बाई मी पाहिली नव्हती.

मैत्री झाली ती अंड्यांच्या कप्प्यामुळे. वहिनींचा फ्रिज जुनाट, त्यात बर्फाचे डोंगर व्हायचे. आमचा नवाकोरा, आणि आमच्याकडे अंडी येत नसत. एक दिवस त्या सहा छोट्या डब्या घेऊन दारात उभ्या. "तुझा अंड्यांचा कप्पा रिकामा आहे ना गं? यांना थंडी लागते." त्या होत्या रंगीत फिल्मच्या डब्या, सगळ्या आठशेच्या. सारं जग तेव्हा शंभरची, फार तर दोनशेची फिल्म घेई, आणि भर उन्हात कुटुंबाला भिंतीपाशी उभं करून फोटो काढी. आठशेची म्हणजे अंधुक उजेडालाही हावरटासारखी चाटून घेणारी फिल्म. महाग, मिळायला अवघड, आणि फोटोभर बारीक बारीक कण. पहिल्यांदा तिच्यावरचा माझा फोटो पाहिला तेव्हा मी किंचाळलेच होते. "वहिनी, माझ्या तोंडावर रवा सांडलाय!"

"रवा बारीक आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "चेहरा बघ. तू हसताना डावीकडे जास्त हसतेस."

मला कुठे चेहरा बघायचा होता! मला हवा होता स्टुडिओतल्यासारखा गुळगुळीत फोटो, मागे खोटा धबधबा आणि पुढे मी. मी त्यांना दर वेळी सांगायची, "फ्लॅश मारा ना." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "फ्लॅश मारला की संध्याकाळ मरते, आणि उरतं ते तुझं नाक."

त्यांचे नियम तरी किती! फिल्म फ्रिजमधून काढली की डबी लगेच उघडायची नाही, दोन-तीन तास बाहेर बसू द्यायची, "नाहीतर तिला घाम येतो." डबीवर आठशे लिहिलेलं असलं तरी कॅमेऱ्याचा काटा चारशेवर ठेवायचा, म्हणजे तिला लिहिल्यापेक्षा एक घर उजेड जास्त मिळतो. "ही फिल्म जास्त उजेडाने बिघडत नाही गं, कमी पडला की मात्र सगळ्या सावल्यांचा चिखल होतो." हा नियम त्या माणसांनाही लावत. कामवालीने दांडी मारली, "एक घर उजेड दे तिला, काही तरी अडचण असेल." शेजारच्या मिसेस कौर तूप मागून नेऊन परत देत नसत, त्यांनाही एक घर. मलाच तेवढी त्यांनी दोन-दोन घरं दिली असणार, हे आता कळतं.

पण सगळ्यात गमतीचं म्हणजे त्यांचं फोटो काढणं. आधी माझं कोपर धरायचं. मग विचारायचं, "कोण कुठे आहे सांग." मी समालोचन करायची: डावीकडे झोपाळ्यावर दोन पोरं, मधे माळी पाइप गुंडाळतोय, उजवीकडे मिसेस कौर तुपाचा विषय टाळतायत. त्या पावलं मोजत पुढे जात, अंतराचा आकडा लेन्सवर लावत, श्वास रोखून बटण दाबत. मला वाटे, कलावंतांचे चाळे. त्यांचे यजमानही तसलेच. दिवसा कसलाही रंगीत बुशशर्ट घालणारा हा माणूस संध्याकाळी फिरायला निघताना न चुकता पांढराशुभ्र शर्ट घाली आणि बायकोच्या बरोबरीने न चालता एक पाऊल पुढे चाले. मी माझ्या नवऱ्याला म्हणायची, "बघा, जुन्या वळणाचे! बायकोने मागूनच चालायचं." तीस वर्षांची मी किती हुशार होते, सांगायला नको.

मग ती संध्याकाळ आली. क्वार्टरच्या मागच्या पार्कात मुलांचा कार्यक्रम होता. वहिनींची मुलगी, सात वर्षांची, पहिल्यांदा नाचणार होती. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तरं हिंदीतच. आई मराठीतून रागवे आणि ती म्हणे, "मम्मी, मैं इधर हूँ ना, आप उधर क्यों देख रहे हो?" तेव्हाही आम्ही हसायचो. दिव्यांची सोय बेतास बात, दोन पिवळे बल्ब. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या आणि घुंगरांच्या दिशेने कॅमेरा धरून अख्खी छत्तीसची फिल्म संपवत आल्या. माझेही दोन-तीन फोटो काढले, कारण मी नवी पैठणी नेसून मधे मधे उभी राहत होते. परतताना त्यांच्या एका हातात लेक, दुसऱ्या हातात माझं कोपर, म्हणून कॅमेरा माझ्या गळ्यात. जिन्यात सगळं सामानसुमान सोडवताना तो माझ्याकडेच राहिला.

आणि मी तो उघडला. स्वयंपाकघरात, ट्यूबलाइटखाली, भाताला वाफ आली का बघायला झाकण काढावं तशी त्याची पाठ उघडून मी आत डोकावले. पैठणीचा फोटो कसा आला ते बघायला! आत नुसती तपकिरी पट्टी. मला वाटलं, फोटो अजून उमटायचे असतील. पुन्हा झाकण लावलं, शहाण्यासारखं जोरात दाबलंही.

आठ दिवसांनी वहिनी दुकानातून पाकीट घेऊन खाली आल्या. पाकिटात फक्त तीन फोटो. बाकीची फिल्म उजेड लागून जळालेली, दुकानदाराने छापलीच नव्हती. मी आपलं केलेलं सांगून टाकलं, वर म्हणाले, "चार फोटोंचं एवढं काय वहिनी, पुढच्या वर्षी नाचेलच की ती." त्या माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून रडायला लागल्या. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते.

"तुझ्यासाठी ते नुसते फोटो होते गं," त्या म्हणाल्या. "मला ती नाचलेली बघायची होती."

"पण तुम्ही तर पहिल्या रांगेत होतात!"

"मला दिवेलागणीनंतर काही दिसत नाही. लहानपणापासून."

डोळ्यांच्या पडद्याचा आजार. उजेडात नीट दिसतं, उजेड कमी झाला की भिंत. लग्नाआधी आईने बजावलं होतं, कुणाला सांगू नकोस. लग्न झालं आणि मग सांगायचं राहूनच गेलं. नोकरीच्या गडबडीत यजमानांनी एकदा कुठल्याशा लग्नासाठी चुकून ही जलद फिल्म आणली, आणि फोटो आल्यावर भर दुपारी खिडकीत बसून वहिनींनी आयुष्यातली पहिली संध्याकाळ पाहिली. "आकाश निळं असतं गं तेव्हा! मी समजत होते, काळं होत जातं." तेव्हापासून त्या संध्याकाळी फोटो काढत आणि दुसऱ्या आठवड्यात दुपारी बघत. अपनी मंडीत त्यांनी मला पाहिलंच नव्हतं.

"आणि भाऊजींना माहीत नाही?" मी विचारलं.

त्या डोळे पुसत हसल्या. "मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. पण अंधारात मला तेवढा एक पांढरा ठिपका दिसतो, हे त्यांना कसं कळलं, देव जाणे."

त्या दिवशी माझ्या डोक्यातली अर्धी हुशारी वाफ होऊन उडाली. वाचलेल्या तीन फोटोंपैकी एकात नारिंगी ज्वाळेसारख्या डागातून लेकीचा वर केलेला हात आणि अर्धा चेहरा बाहेर आला होता. तो त्यांनी चौकटीत लावला. दुसऱ्यात कुणाची तरी पाठ. तिसऱ्यात माझ्या पैठणीचा काठ, एकही डाग न पडलेला. तो मला भेट दिला. अजून आहे, शिक्षा म्हणून कपाटात आतल्या बाजूला चिकटवलाय.

नंतर वर्षं गेली. क्वार्टर सुटलं तरी आम्ही त्याच पार्काला लागून खाली-वरचीच घरं घेतली. भाऊजी गेले, माझेही गेले. रस्त्यांवरचे नारिंगी दिवे जाऊन पांढरे आले, वहिनी म्हणाल्या, "आता फोटोत सगळं दवाखान्यासारखं येतं." हे शहर मात्र त्यांना सोडवेना. सरळ रस्ते, ठरावीक वळणं, पावलं मोजली की घर येतं. शेवटी लेकीने नेलंच. जाताना कॅमेरा आणि उरलेली एक फिल्म माझ्याकडे ठेवली. "मला एक संध्याकाळ पाठव. तलाव नको, तो सगळेच काढतात. मागचं पार्क, मुलं घरी जायच्या वेळेचं."

मी हो म्हटलं आणि घाबरून तीन वर्षं टाळलं. एकच फिल्म, आणि माझा पूर्वेतिहास तुम्हाला माहीत आहे. माझी नात मोहालीत नोकरी करते, माझ्याकडेच राहते; ती रोज कुरकुरायची, "आजी, अंड्यांच्या कप्प्यात फिल्म आणि अंडी भाजीच्या कप्प्यात, ये क्या लॉजिक है?" मग या हिवाळ्यात वहिनींच्या लेकीचा फोन आला. "मावशी, आईचं दिवसाचं पण कमी होतंय यार. आता मधे फक्त टिकलीएवढं दिसतं. डॉक्टर बोले, ते पण किती दिवस, पक्का नहीं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्म बाहेर काढली. तिला घाम येऊ नये म्हणून दुपारपर्यंत ओट्यावर बसवली, मीच घामाघूम. फिल्मची मुदत संपून बारा-तेरा वर्षं झालेली, म्हणून काटा थेट दोनशेवर. सहा संध्याकाळी मी पार्कात गेले. हात थरथरतात, म्हणून झोपाळ्याच्या खांबाला टेकून श्वास रोखायचा. चौकीदार आला. "आंटी जी, किसकी फोटो ले रहे हो?" म्हटलं, "शाम की." त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. पोरं भोवती जमली, "दिखाओ, दिखाओ," आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर काहीच नाही म्हटल्यावर त्यांनाही माझी दया आली. फिल्म संपल्यावर मी ती गुंडाळून घेतली आणि कॅमेरा नातीच्या हातात दिला. "तूच काढ बाहेर. माझ्यावर माझा विश्वास नाही."

नातीने फिल्म दिल्लीला धुवायला पाठवली. छत्तीसपैकी अकरा आले. चारांत माझा अंगठा. पण एक बरा होता: रवाळ, जांभळट निळा, एक आई वाकून पोराच्या सँडलचा पट्टा लावतेय, मागे कुणी म्हातारे गृहस्थ चाललेत. तो वहीएवढा मोठा छापून पुण्याला पाठवला.

काल वहिनींचा फोन आला. लेकीने म्हणे टेबल खिडकीशी ओढलं, आणि वहिनींनी ती टिकली फोटोवर इंचाइंचाने फिरवली. पाऊण तास लागला.

"झोपाळ्याला निळा रंग दिलाय?"

"हो वहिनी."

"पोराने एकच मोजा घातलाय."

मी माझ्याकडची छोटी प्रत घेऊन बघितली. खरंच की. मला दिसलाच नव्हता.

"आणि हा पांढऱ्या शर्टातला कोण गं?"

"कुणी नाही हो. आले असतील फिरायला."

मागे पुण्याच्या रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते.

"एक पाऊल पुढेच आहे," त्या म्हणाल्या. मग लगेच, "उजेड एक घर जास्त दिलास ना?"

"दोन दिली."

"बरं केलंस."

फोन ठेवून मी फ्रिज उघडला. अंड्यांचा कप्पा रिकामा आहे. आता तिथे नातीची अंडी ठेवायला काहीच हरकत नाही. ठेवीन एक-दोन दिवसांत.